हेडफोनचा अ‍ॅम्प्लिफायर: आधी हिशेब, मग खरेदी

वायरचे चांगले हेडफोन घ्यायला दहा-बारा हजार मोडले की पाठोपाठ दुसरा खर्च दारात उभा राहतो. दुकानदार सांगतो, यूट्यूबवरचा परीक्षक सांगतो, हौशी मित्र तर हमखास सांगतो: आता याला साजेसा अ‍ॅम्प्लिफायर घ्या, नाहीतर हे हेडफोन खुलणारच नाहीत. बाजारात त्यासाठी हजार रुपयांच्या डोंगलपासून लाखापुढच्या पेटीपर्यंत सगळे काही आहे, आणि प्रत्येकाच्या वर्णनात ‘उबदार’, ‘मोकळा’, ‘रेशमी’ अशी विशेषणे पेरलेली असतात. विशेषणांवरून खरेदी करायची म्हटली तर ज्याची जाहिरात गोड त्याची पेटी घरी येते. माझे म्हणणे असे की मध्यम बजेटच्या माणसाने ही खरेदी कानाने करूच नये, कागदावर करावी. हेडफोन कानानेच निवडायचे. अ‍ॅम्प्लिफायर मात्र दोन-तीन आकड्यांवरून निवडता येतो आणि ते आकडे जुळले की त्यापुढे घातलेला पैसा ऐकू येत नाही. तोच पैसा हेडफोनवर घातला तर येतो.

मुळात हे यंत्र करते काय ते पाहू. फोनमधले गाणे आकड्यांच्या रूपात साठवलेले असते. डॅक नावाची चिप त्या आकड्यांपासून विजेचा संकेत बनवते. पण त्या संकेतात हेडफोनचा पडदा हलवण्याइतका जोर नसतो. तो जोर अ‍ॅम्प्लिफायर पुरवतो, व्होल्टेज आणि करंट या दोन रूपांत. गच्चीवरची टाकी किती उंच आहे हे व्होल्टेज, आणि नळातून किती पाणी वाहते हा करंट, एवढे लक्षात ठेवले तरी पुढचे सगळे समजेल. आता ज्या कोणत्या फोनला किंवा लॅपटॉपला हेडफोनचे भोक आहे, त्याच्या पोटात डॅक आणि अ‍ॅम्प्लिफायर दोन्ही आधीपासून असतातच. २०१६ मध्ये अ‍ॅपलने आयफोन ७ मधून ३.५ मिलिमीटरचा जॅक काढून टाकला, मागोमाग इतर कंपन्यांनीही काढला, आणि ही दोन्ही यंत्रे बोटभर वायरच्या डोंगलमध्ये जाऊन बसली. अ‍ॅपलचा यूएसबी-सी डोंगल घ्या. हजार रुपयांच्या आतबाहेर मिळणारी ही वस्तू साधारण १ व्होल्ट देते (युरोपात विकल्या जाणाऱ्या आवृत्तीत ध्वनिमर्यादेपायी ते निम्मे केले आहे), तिचा आउटपुट इम्पिडन्स (त्याविषयी पुढे) एका ओहमच्या आसपास आहे, आणि मोजमापात ती तिच्या कित्येक पट किमतीच्या जुन्या यंत्रांना लाजवते. तेव्हा अ‍ॅम्प्लिफायर तुमच्याकडे आहेच. तो कुठे कमी पडतो हे दाखवता आले, तरच दुसऱ्याचा विचार करायचा.

कमी पडतो की नाही हे ठरवायला आधी आपल्याला किती मोठ्याने ऐकायचे आहे ते ठरवावे लागते, आणि नेमका हाच प्रश्न जाहिरातींत कुठे नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबलच्या आवाजात आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित धरले जाते. आवाज ९० डेसिबलवर नेला की ती मुदत आठवड्याला ४ तासांवर येते. दहा डेसिबल म्हणजे दहापट ऊर्जा, म्हणून वेळ एक दशांश. रोज दोन-तीन तास ऐकणाऱ्याची सरासरी पातळी ७५ ते ८० डेसिबलच्या पुढे जाऊ नये, हे यावरून उघड आहे. पण संगीत काही सरासरीवर चालत नाही. तबल्याची थाप, तानेतला चढा सूर, चित्रपटातला स्फोट हे सरासरीच्या १५-२० डेसिबल वर क्षणभर उसळी घेतात, आणि त्या क्षणी अ‍ॅम्प्लिफायरचा श्वास तुटला तर आवाज फाटतो. म्हणजे ९५ ते १०० डेसिबलच्या उसळ्या स्वच्छ निघायला हव्यात. यावर आणखी दहाची सढळ भर घालून आपण ११० डेसिबल ही रेषा धरू. त्याहून अधिक मागणारा माणूस अ‍ॅम्प्लिफायरपेक्षा लवकरच कानाच्या डॉक्टरचा शोध घेईल.

आता हेडफोनच्या खोक्यावर पाहायचे. तिथे दोन आकडे असतात: इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये, आणि संवेदनशीलता, डेसिबलमध्ये. पहिल्याची चर्चा फार होते आणि काम दुसऱ्याचे जास्त असते. संवेदनशीलता सांगते की ठरावीक वीज दिल्यावर आवाज किती निघेल. मात्र ‘ठरावीक वीज’ म्हणजे काय यात कंपन्यांचे एकमत नाही. कोणी १ मिलिवॅटला किती डेसिबल हे छापते, कोणी १ व्होल्टला किती हे छापते, आणि कोणी नुसताच आकडा छापून गप्प बसते. फरक किरकोळ नाही. ३२ ओहमच्या हेडफोनला १ व्होल्ट दिला तर ३१ मिलिवॅट जातात, म्हणजे मिलिवॅटच्या मापापेक्षा आवाज १५ डेसिबलने वर. तोच १ व्होल्ट ३०० ओहमच्या हेडफोनला दिला तर जेमतेम ३.३ मिलिवॅट, म्हणजे ५ डेसिबल वर. ‘१०० डेसिबल’ असे दोन खोक्यांवर छापलेले असले आणि मापे वेगळी असली तर ती तुलना कुचकामी. मी तर म्हणेन, संवेदनशीलतेसमोर एकक न छापणाऱ्या कंपनीचा आकडा धरूच नये. तटस्थ मोजमाप शोधावे.

बेयरडायनॅमिक या जर्मन कंपनीचे डीटी ७७० प्रो हे हेडफोन स्टुडिओत वर्षानुवर्षे दिसतात. ते ३२, ८० आणि २५० ओहम अशा तीन प्रकारांत निघाले. कंपनीचा आकडा १ मिलिवॅटला ९६ डेसिबल आहे. ११० गाठायला आणखी १४ डेसिबल हवेत, म्हणजे २५ मिलिवॅट. वीज तेवढीच, पण ती पोचवण्याची तऱ्हा वेगळी: ३२ ओहमच्या हेडफोनला त्यासाठी ०.९ व्होल्ट पुरतात, ८० ओहमला १.४ लागतात, २५० ओहमला २.५. हजार रुपयांचा १ व्होल्टचा डोंगल पहिल्याचे काम पुरते करतो. तिसऱ्याला तो १०२ डेसिबलपर्यंत नेतो, म्हणजे आपल्या ९५ ते १००च्या उसळ्या त्यात बसतात, हाताशी राखीव मात्र फारसे उरत नाही. २ व्होल्टचा डोंगल १०८पर्यंत नेतो आणि प्रश्न मिटतो. ‘२५० ओहम म्हणजे मोठा अ‍ॅम्प्लिफायर हवाच’ हा समज इथे ढासळतो. सेनहायझरचे एचडी ६५० हे ३०० ओहमचे, २००३ पासून नावाजलेले हेडफोन. कंपनी १ व्होल्टला १०३ डेसिबल सांगते. त्यांनाही ११०साठी सव्वादोन व्होल्टच लागतात. टेबलावरच्या कोणत्याही साध्या अ‍ॅम्प्लिफायरला, आणि आता कित्येक डोंगलनाही, एवढे देणे जड नाही.

उलट्या बाजूचीही उदाहरणे आहेत, आणि ती लपवून चालणार नाही. प्लॅनर (सपाट चुंबकीय पडद्याच्या) जातीच्या हेडफोनचा इम्पिडन्स कमी दिसतो, म्हणून ते सोपे वाटतात. पण त्यांतल्या काहींची संवेदनशीलता इतकी कमी असते की त्यांना करंट भरपूर लागतो. हायफायमॅनचे सुंदारा हे त्यातले मध्यम उदाहरण. कंपनीच्या जुन्या आकड्यांनुसार ३७ ओहम आणि ९४ डेसिबल (१ मिलिवॅटला धरून). ११०साठी ४० मिलिवॅट, म्हणजे सव्वा व्होल्ट आणि ३३ मिलिअँपिअर. फोनच्या जॅकला हे अवघड, बऱ्या डोंगलला शक्य. त्याच कंपनीचे एचई-६ मात्र खरे पैलवान: ५० ओहम आणि ८३.५ डेसिबल. ११०साठी सुमारे ४५० मिलिवॅट लागतात. इथे डोंगल हात टेकतो आणि भिंतीच्या विजेवर चालणारी दणकट पेटी घ्यावीच लागते. पण असे हेडफोन मध्यम बजेटच्या ग्राहकाकडे अपवादानेच असतात. ज्याच्याकडे आहेत त्याला हा लेख वाचायची गरज नाही.

मग खोक्यांवर झळकणाऱ्या ‘३२ ओहमला १५०० मिलिवॅट’ अशा आकड्यांचे काय करायचे? ऑडिओ-टेक्निकाचे एटीएच-एम५०एक्स हे ३८ ओहमचे लोकप्रिय हेडफोन १ मिलिवॅटला ९९ डेसिबल देतात. त्यांना १५०० मिलिवॅट दिले तर हिशेबाने १३० डेसिबल निघतील, आणि १२०च्या आसपास कानाला वेदना सुरू होतात. शिवाय वीज दुप्पट केली तरी आवाजात भर पडते ती ३ डेसिबलची. ७५० आणि १५०० मिलिवॅटच्या यंत्रांत ऐकण्यापुरता फरक तेवढाच, आणि तोही नॉब शेवटापर्यंत पिळला तरच. यावर नेहमीचा आक्षेप असा, की जास्त ताकद असली तर बिघडले कुठे, पुढेमागे कामाला येईल. बिघडते. स्वस्त अ‍ॅम्प्लिफायरमधला व्हॉल्यूमचा नॉब म्हणजे एका दांड्यावर बसवलेले दोन बदलते रोधक असतात, एक डाव्या कानाचा, एक उजव्याचा. नॉब मध्यावर असताना ते बऱ्यापैकी जुळतात. पण अगदी सुरुवातीच्या टप्प्यात जुळत नाहीत, आणि गाणे एका कानाकडे झुकते. यंत्र गरजेपेक्षा फार ताकदवान असले की तुम्हाला कायम त्याच टप्प्यात ऐकावे लागते: नॉब केसभर हलवला तरी आवाज अंगावर येतो, आणि हळू केला की उजवा कान मागे पडतो. अ‍ॅम्प्लिफायरची स्वतःची सुं अशी खरखरही गेन (संकेत किती पट वाढवायचा ते प्रमाण) जास्त ठेवला की वाढते आणि कानात घालायच्या संवेदनशील इअरफोनमध्ये ती शांत जागी स्पष्ट ऐकू येते. म्हणून गेन कमी-जास्त करायचे बटण आहे का हे मिलिवॅटच्या आधी पाहावे.

दुसरा महत्त्वाचा आकडा आउटपुट इम्पिडन्सचा. अ‍ॅम्प्लिफायरच्या स्वतःच्या अंगात जो अडथळा असतो तो हा. हेडफोनचा इम्पिडन्स खोक्यावर एकच छापलेला असला तरी प्रत्यक्षात तो सुरागणिक बदलतो. एकापेक्षा जास्त ड्रायव्हर (आवाज काढणारे भाग) असलेल्या इअरफोनमध्ये तर तो एका सुराला ८ ओहम आणि दुसऱ्याला ४० असाही असू शकतो. अशा इअरफोनला १० ओहम आउटपुट इम्पिडन्सचे यंत्र जोडले तर दोन सुरांमध्ये ५ डेसिबलची तफावत पडते. गाण्याचा तोल बदलायला एवढे पुष्कळ झाले. तेच यंत्र १ ओहमचे असेल तर तफावत एका डेसिबलच्या आत राहते. म्हणून हेडफोनच्या इम्पिडन्सच्या एक अष्टमांशापेक्षा यंत्राचा कमी असावा, असा व्यवहारातला नियम आहे. १९९६ च्या एका आंतरराष्ट्रीय प्रमाणकात हेडफोनच्या जॅकसाठी १२० ओहमची शिफारस होती, आणि जुन्या रिसीव्हरच्या जॅकवर आजचे इअरफोन विचित्र वाजतात त्याचे एक कारण असे जुने धोरण आहे. आज चांगल्या यंत्राचा आकडा १-२ ओहमच्या आत असतो. उत्पादक तो छापत नसेल तर छापण्यासारखा नसावा, असे समजायला हरकत नाही.

इथे अनुभवी श्रोता म्हणेल: आकडे राहू द्या, मी दोन अ‍ॅम्प्लिफायर बदलून बदलून ऐकले आणि फरक मला स्वच्छ ऐकू आला. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. फरक ऐकू येतो यात खोटे काही नाही. प्रश्न तो कशाचा आहे हा आहे. बहुतेक वेळा तो निव्वळ मोठेपणाचा असतो. दोन यंत्रांचे नॉब सारख्या जागी ठेवले तरी गेन सारखा नसतो, आणि एखाद्या डेसिबलचा फरक ‘मोठा’ म्हणून जाणवत नाही, ‘चांगला’ म्हणून जाणवतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की हळू आवाजात आपल्या कानाला खर्जातले सूर तुलनेने कमी ऐकू येतात. आवाज वाढवला की खर्ज आपोआप भरतो. म्हणून मोठ्याने वाजणारे यंत्र ‘भरदार’ वाटते. व्होल्टमीटरने पातळी जुळवून आणि कोणते यंत्र वाजते आहे ते न सांगता ऐकवले, की हे फरक बहुतांशी विरघळतात. १९८७ मध्ये ‘स्टीरिओ रिव्ह्यू’ या अमेरिकी मासिकाने स्वस्त-महाग अ‍ॅम्प्लिफायरांची अशीच झाकून चाचणी घेतली, तेव्हा श्रोत्यांना ते ओळखता आले नाहीत. त्याआधी, १९८५ मध्ये, बॉब कार्व्हर या अभियंत्याने ‘स्टीरिओफाइल’ मासिकाच्या संपादकांना आव्हान दिले होते: तुमच्या आवडीच्या महागड्या अ‍ॅम्प्लिफायरसारखा माझा स्वस्त अ‍ॅम्प्लिफायर मी करून दाखवतो. दोन्ही यंत्रांचे संकेत एकमेकांतून वजा करायचे आणि जे उरते ते नाहीसे होईपर्यंत आपल्या यंत्रात बदल करत राहायचे, अशी त्याची पद्धत. काम संपल्यावर संपादकांना दोन्ही वेगळे ओळखता आले नाहीत. मला या प्रसंगात कार्व्हरच्या हुशारीपेक्षा त्याची पद्धत मोलाची वाटते. महागड्या यंत्राचा ‘स्वभाव’ वजाबाकी करून पकडता आला, याचा अर्थ तो मोजता येतो आणि हवा असल्यास बनवताही येतो.

हेडफोनच्या जगात हा मुद्दा घरोघरी पोचवला तो एका अनामिकाने. नावगाय या टोपणनावाने लिहिणाऱ्या या अभियंत्याने २०११ मध्ये ओ-टू नावाच्या अ‍ॅम्प्लिफायरचा आराखडा सगळ्यांसाठी खुला केला. ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवरही चालणारी ती साधी डबी. आउटपुट इम्पिडन्स अर्ध्या ओहमच्या आसपास. त्याने सर्किटसोबत मोजमापे आणि त्यांची कारणेही तपशीलवार मांडली, आणि महाग यंत्रे विकणाऱ्यांची झोप उडवली. २०१२ नंतर तो गप्प झाला. तो कोण होता हे अजून कोणाला ठाऊक नाही. पण त्याच्या आराखड्यावरून अनेक छोट्या कंपन्यांनी पेट्या बनवल्या. त्यांतल्याच जेडीएस लॅब्ज या अमेरिकी कंपनीने २०१८ मध्ये अ‍ॅटम हा स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर ९९ डॉलरला आणला. शीट या कंपनीचा मॅग्नी हा अ‍ॅम्प्लिफायर २०१२ पासून त्याच किमतीला मिळत होता. चिनी कंपन्याही या स्पर्धेत उतरल्या आणि स्वच्छ अ‍ॅम्प्लिफायर ही दुर्मीळ वस्तू राहिली नाही. आता स्पर्धा लागली आहे ती मोजमापातल्या शेवटच्या दशांशासाठी: कोणाची विकृती आणि खरखर मूळ संकेताच्या ११० डेसिबल खाली, कोणाची १२० डेसिबल. सीडीचा सगळा आवाका ९६ डेसिबलचा आहे. ११० आणि १२० यांतला फरक यंत्राला कळतो, माणसाला नाही. त्यासाठी पाच हजार जास्त मोजणे म्हणजे हौस, आणि हौसेला मोल नसते हे मान्य करून ज्याने त्याने ठरवावे.

ट्यूबवाल्या अ‍ॅम्प्लिफायरबद्दलही असेच. ट्यूबमुळे आवाजात ऊब येते असे म्हणतात, आणि काही यंत्रांत खरोखर फरक पडतो, पण त्याचे कारण बहुतांशी वर सांगितलेला आउटपुट इम्पिडन्सच असतो. ३०० ओहमच्या सेनहायझरचा इम्पिडन्स खर्जात ५०० ओहमच्या घरात जातो. त्याला १२० ओहमचे ट्यूब यंत्र जोडले तर खर्ज साधारण १ डेसिबलने उचलला जातो. ही ऊब आवडणे मुळीच गैर नाही. पण तेवढी फोनमधल्या इक्वलायझरने फुकट मिळते. स्वस्त ‘ट्यूब’ यंत्रांपैकी कित्येकांत तर ट्यूब संकेताच्या वाटेत नावापुरती बसवलेली असते आणि हेडफोन चालवण्याचे खरे काम चिप करते. ४.४ मिलिमीटरच्या बॅलन्स्ड जॅकचेही फार कौतुक चालते. त्यातून त्याच यंत्राचे दुप्पट व्होल्टेज मिळते, म्हणजे ६ डेसिबल जास्त. ते हवे असतील तर उपयोग आहे, नसतील तर हेडफोनची केबल बदलण्याचा खर्च वर पडतो, एवढाच परिणाम.

आता पैशाचे. अ‍ॅम्प्लिफायरचा सपाटपणा दशांश डेसिबलमध्ये मोजतात, तर दोन हेडफोनमध्ये एखाद्या सुराला ५-१० डेसिबलचा फरक सर्रास असतो. म्हणून बदल ऐकू यायचा असेल तर तो हेडफोन बदलून येतो. तिथेही किमतीवर भिस्त ठेवता येत नाही. जेरोन ब्रेबार्ट या संशोधकाने २०१७ मध्ये २८३ हेडफोनांची मोजमापे तपासली, तेव्हा त्यांची किंमत आणि त्यांच्या सुरांचा तोल यांत काहीच संबंध आढळला नाही. माझ्या हिशेबाने पंधरा हजारांच्या एकूण बजेटमध्ये अ‍ॅम्प्लिफायरचा वाटा तीन-चार हजारांपुढे जाऊ नये, आणि पुष्कळांचे काम हजारातच भागते. विंडोजवर इक्वलायझर एपीओ हे फुकट सॉफ्टवेअर आहे. आपल्या हेडफोनच्या मोजमापावरून त्यात थोडी दुरुस्ती केली तर जो फरक पडतो तो कोणत्याही अ‍ॅम्प्लिफायरने पडत नाही.

मात्र इक्वलायझरमुळेच माझ्या हिशेबात एक दुरुस्ती करावी लागते. खर्ज ६ डेसिबलने उचलायचा तर बाकी सगळा आवाज आधी ६ डेसिबलने खाली आणावा लागतो, नाहीतर आवाज फाटतो. तेवढी भर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये हवी. दुसरी दुरुस्ती आपल्याकडच्या ऐकण्याची. नव्या चित्रपटगीतांची पातळी मुद्दाम चढी ठेवलेली असते, पण जुन्या मैफली, नाट्यसंगीत, घरगुती टेपवरून चढवलेली गाणी फार हळू असतात. यूट्यूब चढ्या पातळीचे गाणे खाली आणते. हळू असलेले वर नेत नाही. आलापी ऐकताना आवाजाची पट्टी शेवटाला टेकते आणि तरी पुरत नाही, ही तक्रार म्हणूनच खरी असू शकते. तेव्हा परीक्षा घ्यायची ती हीच: आहे त्या फोनला किंवा लॅपटॉपला हेडफोन लावा, तुमच्या संग्रहातले सगळ्यात हळू ध्वनिमुद्रण लावा, रात्री पंखा बंद करून ऐका. पट्टी शेवटाला जाण्याआधी आवाज पुरेसा झाला, फाटला नाही आणि गाणे थांबवल्यावर सुं ऐकू आले नाही, तर काही घेऊ नका. आवाज कमी पडला तर तीन ते सहा हजारांतला २ व्होल्ट किंवा जास्त देणारा डोंगल घ्या. दहा हजारांपुढची टेबलावरची पेटी त्यांच्यासाठी, ज्यांचे हेडफोन वरच्या हिशेबात डोंगलला दाद देत नाहीत, किंवा ज्यांना हातात धरायला खरा नॉब हवा आहे. हे दुसरे कारणही मला पटण्यासारखे वाटते. एक सूचना अँड्रॉइडवाल्यांसाठी: अ‍ॅपलचा डोंगल कित्येक अँड्रॉइड फोनांवर पूर्ण आवाज देत नाही, त्यामुळे त्यांनी दुसऱ्या कंपनीचा पाहावा.

टेबलावरची पेटी घेणार असाल तर विजेकडेही बघा. लॅपटॉपला जोडल्यावर बारीक गुणगुण ऐकू आली तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. गुणगुण थांबली तर दोष पेटीत नाही, तुमच्या घरच्या अर्थिंगमध्ये किंवा चार्जरमध्ये आहे. जुन्या इमारतींत तीन भोकांचा सॉकेट असतो आणि मागे अर्थिंगची तार नसते, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. अमेरिकेतल्या भावाकडून किंवा मुलीकडून पेटी मागवायची पद्धत आपल्याकडे आहेच, कारण इथे १८ टक्के जीएसटी आणि आयात शुल्क लागून किंमत फुगते. पण त्यात वॉरंटी जाते, आणि अ‍ॅटम किंवा मॅग्नीसारख्या पेट्यांसोबत येणारा अ‍ॅडॉप्टर हा मोबाइलच्या चार्जरसारखा कोणत्याही विजेवर चालणारा नसतो. तो साधा ट्रान्सफॉर्मर असतो, त्या-त्या देशाच्या विजेसाठी बनवलेला. अमेरिकेतला १२० व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर पिन बदलून आपल्या २३० व्होल्टमध्ये लावला तर तो जळतो आणि पेटीलाही सोबत नेऊ शकतो. आणणाऱ्याला २३० व्होल्टचाच अ‍ॅडॉप्टर मागवायला सांगा, नाहीतर सरळ यूएसबीवर चालणारे यंत्र घ्या.